पहाडी आवाज आणि सिंथसायझर: एका युक्रेनी बँडच्या गाण्यातून

22 मे 2021 ची रात्र. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेची अंतिम फेरी चालू होती. युक्रेनच्या बँडची पाळी आली. मंचावर दिव्यांची मोठमोठी वर्तुळं फिरत होती, कानात घुमणारा ठेका चालू होता, एक जण बासरीसारखं वाद्य फुंकत होता. मधोमध उभी असलेली गायिका मात्र चेहऱ्यावरची रेषही न हलवता गात होती.

या स्पर्धेतली एक गोष्ट बऱ्याच प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. मंचावर वाद्यं दिसतात, पण त्यांचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकवरून येतो. 1999 पासून तिथे वाद्यवृंद नसतो. मुख्य गायकाला मात्र तिथल्या तिथे गावंच लागतं. म्हणजे त्या तीन मिनिटांत ठेका, सिंथ (म्हणजे सिंथसायझर, विजेवर स्वर घडवणारं वाद्य), बासरी सगळं यंत्रातून येत होतं आणि जिवंत होता तो फक्त एका बाईचा गळा. लोकगायकी आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र आणणाऱ्या बँडपुढे जो प्रश्न रोज असतो, तो इतका उघडा पडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. एका बाजूला हलणारा, श्वास घेणारा, किंचित पुढेमागे होणारा कंठ आणि दुसऱ्या बाजूला तसूभरही न ढळणारं यंत्र. या दोघांनी एकत्र नांदायचं कसं? कोणी कोणासाठी सरकून घ्यायचं?

बँडचं नाव गो-आ. वाचताना आपल्याला गोवा आठवतो, पण तसा काही संबंध नाही. इंग्रजी ‘गो’ म्हणजे जाणं आणि ‘आ’ म्हणजे ग्रीक मुळाक्षरांतलं पहिलं अक्षर अल्फा, म्हणून ‘मुळाकडे जाणं’. 2012 मध्ये तारास शेव्हचेन्को या संगीतकाराने हा बँड सुरू केला. (युक्रेनच्या राष्ट्रकवीचं नावही हेच, पण माणूस वेगळा.) गायिका कातेरिना पाव्लेन्को निझिन गावची. लोकगायकीचे पहिले धडे तिला आजीकडून घरातच मिळाले. इहोर दिदेन्चुक सोपिल्का वाजवतो. सोपिल्का म्हणजे तिकडची लाकडी बासरी. पहिला अल्बम यायला 2016 उजाडलं. 2020 मध्ये हा बँड युरोव्हिजनसाठी निवडला गेला, पण कोविडमुळे स्पर्धाच रद्द झाली. पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनाच पाठवलं गेलं, नवीन गाणं घेऊन. त्या गाण्याचं नाव ‘शुम’. अंतिम निकालात ते पाचवं आलं. परीक्षकांनी 97 गुण दिले होते आणि प्रेक्षकांनी 267, प्रेक्षकांच्या मतांत ते दुसरं होतं. गाण्यातला एकही शब्द इंग्रजी नव्हता.

‘शुम’ची मुळं वसंतगीतांत आहेत. हिवाळा संपत आला की युक्रेनच्या खेड्यांतल्या मुली मोकळ्यावर फेर धरून ही गाणी म्हणत आणि वसंताला बोलावत. आपल्याकडे भोंडल्याची किंवा मंगळागौरीची गाणी जशी खेळाशी बांधलेली असतात, तशीच ही ऋतूशी आणि फेराशी बांधलेली. मोकळ्यावर म्हणत, हे इथे महत्त्वाचं आहे. आवाज तसा का लागतो याचं उत्तर त्यातच आहे.

पाव्लेन्कोच्या गाण्याच्या पद्धतीला युक्रेन-पोलंडकडे शब्दशः ‘पांढरा आवाज’ म्हणतात. गळा मोकळा, स्वर छातीतून, कंप जवळजवळ नाही आणि जोर जवळपास हाक मारल्याइतका. या आवाजासाठी मराठीत आधीपासून शब्द आहे: पहाडी आवाज. शाहीर डफावर थाप मारून पहिली ओळ फेकतो आणि मैदानाच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत ती पोचते, तो आवाज. शेतात कापणीच्या वेळी भलरी म्हणणाऱ्यांचा, रात्रभर जागणाऱ्या गोंधळ्याचा. माइक नव्हता, भिंती नव्हत्या, वारा होता, तेव्हा घडलेला हा गळा आहे.

तो इतका लांब कसा जातो? माणसाचा कान सगळ्या स्वरांना सारखा तत्पर नसतो. साधारण 2000 ते 5000 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं) या पट्ट्यात तो सगळ्यात तिखट असतो, कारण कानाच्या नळीची लांबीच अशी आहे की त्या आसपासचे आवाज आत येताना आणखी ठळक होतात. मोकळ्या गळ्याने छातीतून दिलेल्या स्वरात याच पट्ट्यात भरपूर ताकद असते. तो आवाज केवळ मोठा नसतो, कानाला जिथे सर्वाधिक ऐकू येतं नेमका तिथे तो असतो.

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा पाया याच्या अगदी उलट टोकाला असतो. छातीत धडकणारा तो ‘धम्’, ज्याला किक म्हणतात, साधारण 50 ते 100 हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्या शेजारी बेस, म्हणजे सगळ्यात खालचे स्वर. हा आवाज कानाने ऐकण्यापेक्षा पोटात जाणवतो. म्हणजे पहाडी आवाज घराच्या माळ्यावर आणि किक तळघरात. दोघांची भांडणं होण्याचं कारणच नाही. हा जोड इतक्या सहज जमतो त्यामागे ‘जुनं-नवं एकत्र’ वगैरे भावना नंतर येते, आधी हे साधं ध्वनिशास्त्र आहे. माझं तर मत आहे की मोकळ्या गळ्याच्या लोकगायकीला गिटारच्या खरखरीत रॉकपेक्षा टेक्नो, म्हणजे यंत्राच्या एकसारख्या ठेक्यावरचं नृत्यसंगीत, जास्त मानवतं, कारण खरखरीत गिटार नेमकी गळ्याच्याच पट्ट्यात येऊन बसते.

भांडण होतं ते मधल्या मजल्यावर. सिंथच्या धून, टाळ्या, बासरी, पोकळी भरून काढणारे लांब स्वर, सगळी गर्दी तिथे. नवखे बँड हमखास चुकतात ते इथे. आवाज दबतोय असं वाटलं की ते आवाजाची पातळी वाढवतात, मग बीट बारीक वाटतो म्हणून तोही वाढवतात आणि शेवटी सगळंच कर्कश होतं. जाणकार माणूस गळ्याला हात लावत नाही. तो सिंथमधला नेमका गळ्याचा पट्टा कोरून काढतो. या कामाला ईक्यू म्हणतात. दुसरी युक्ती साइडचेनची: एक आवाज आला की दुसऱ्याने आपोआप मान खाली घालायची, अशी यंत्रातली जोडणी. नृत्यसंगीतात ती बहुधा किकसाठी वापरतात, म्हणून तिथले बाकीचे स्वर श्वास घेतल्यासारखे वरखाली होतात. तीच जोडणी गळ्याला दिली, तर गायिकेने तोंड उघडताच सिंथ अर्धं पाऊल मागे सरतो आणि तिने श्वास घेतला की पुन्हा पुढे येतो. तबलजीने गायकाच्या जागेवर हात हलका करावा, तसं.

याहून अवघड भाग काळाचा आहे.

संगणकावर संगीत करणाऱ्याच्या समोर पडद्यावर चौकटींची वही असते, शाळेतल्या गणिताच्या वहीसारखी. तिला ग्रिड म्हणतात. मिनिटाला 120 ठोके ठरवले की दर ठोक्याला बरोबर अर्धा सेकंद. त्या ठोक्याचे चार भाग केले तर प्रत्येक भाग 125 मिलिसेकंदांचा. प्रत्येक आवाज या चौकटीत नेमका बसवता येतो आणि थोडा इकडेतिकडे पडला असेल तर एक बटण दाबून ओळीत आणता येतो.

लोकगायिका चौकटीत गात नाही. ती श्वासावर गाते. शब्द लांबला की ओळ लांबते, पुढची ओळ मनात जुळेपर्यंत शेवटचा स्वर तरंगत ठेवते, मन भरून आलं की रेंगाळते. याला बेताल म्हणणं चूक आहे. तिची लय फेर धरणाऱ्या पायांची असते, जात्याच्या फेऱ्याची असते, विळ्याच्या हाताची असते. ती मोजता येते, फक्त घड्याळाने नाही.

मग करायचं काय? सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट उपाय म्हणजे आवाज ध्वनिमुद्रित करून तो ताणून-आवळून चौकटीत कोंबायचा. 2001 मध्ये एबलटन लाइव्ह नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि हे काम मंचावर उभ्या उभ्याही करता येऊ लागलं. सोय मोठी झाली, पण तिचा अतिरेक झाला की गाणं ऐकताना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं आणि काय हरवलं ते सांगता येत नाही. हरवलेला असतो तो शब्दाआधीचा किंचित थांबा. ‘अगं’ म्हणण्याआधी बाई जी दम घेते, त्यात तिचं अर्धं म्हणणं असतं.

दुसरा उपाय उलटा आहे. गायिकेला एकटीला गाऊ द्यायचं, मग तिच्या ओळींवर संगणकातल्या चौकटी आखायच्या. एक चौकट अंमळ लांब, पुढची आखूड. यंत्र तिच्या मागून चालतं. यात कष्ट फार आहेत, एका गाण्याला दिवसच्या दिवस जातात आणि असं गाणं डीजेला दुसऱ्या गाण्यात मिसळणं कठीण जातं. म्हणून फार कमी लोक इतके कष्ट घेतात.

तिसरा रस्ता बहुतेक चांगले बँड धरतात. सुरुवातीला ठेकाच द्यायचा नाही. खाली एक लांब स्वर धरून ठेवायचा आणि त्यावर गळा मोकळा सोडायचा. ऐकणाऱ्याला आधी माणूस भेटतो, ठेका नंतर येतो आणि ठेका आल्यावर गळ्याने तो मान्य केल्यासारखा वाटतो. आपल्याला हे नवीन नाही. तंबोऱ्यावर आलाप आणि मग ताल, ही रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो आहोत.

‘शुम’मध्ये यापुढची एक गोष्ट घडते आणि मला या गाण्यातलं तेच सगळ्यात धाडसाचं वाटतं. शेवटाकडे त्याची लय वाढत जाते. नृत्यसंगीतात वेग सहसा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असतो, कारण एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना डीजेला वेग जुळवायचा असतो. ‘शुम’ तो नियम मोडतं. फेर धरलेल्या मुलींचा वेग वाढत जावा, तसा यंत्राचा वेग वाढतो. आपल्या भजनात शेवटचा गजर कसा चढत जातो, टाळ आणि पखवाज एकमेकांना कसे ढकलत नेतात, ते ज्याने अनुभवलंय त्याला या शेवटच्या भागात वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. तिथे यंत्र फेराच्या तालमीत तयार झालेलं वाटतं.

आता स्वरांचं. इथे मराठी वाचकाला फारसं सांगायची गरज नाही, कारण पेटीचा वाद आपल्या घरातला आहे. सिंथसायझरमध्ये सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. संगीतातल्या मोजमापात सप्तक म्हणजे 1200 सेंट, म्हणून प्रत्येक तुकडा 100 सेंटचा. पेटीतही साधारण हीच मांडणी. आता तंबोरा नीट जुळवून खर्जाची तार छेडली तर तिच्यातून जो स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, तो षड्जापासून सुमारे 386 सेंटवर असतो. पेटीतला गंधार 400 वर. फरक 14 सेंटचा, पण तयार कानाला तो खुपतो. आकाशवाणीने 1940 पासून जवळपास तीन दशकं पेटीला दूर ठेवलं, त्यामागच्या तक्रारींत ही एक होती आणि पेटीवर मींड घेता येत नाही ही दुसरी.

युक्रेनमधल्या किंवा महाराष्ट्रातल्या गावातल्या बाईने गळ्यात बसवलेला गंधार कुठल्याच वाद्याला विचारून बसवलेला नसतो. कधी तो कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो. सिंथने तिच्याबरोबर आपला ठरीव गंधार वाजवला, की ऐकणाऱ्याला बाई बेसूर वाटते. खरं तर दोघांचे गंधार वेगळे आहेत एवढंच. मग ऑटो-ट्यून, म्हणजे गळ्यातला स्वर आपोआप ठरीव स्वरावर आणून बसवणारं सॉफ्टवेअर, लावलं जातं. 1997 मध्ये हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं अँडी हिल्डेब्रँड यांनी. त्याआधी ते तेल शोधण्यासाठी जमिनीतल्या ध्वनिलहरींचं गणित करत होते आणि त्याच जातीचं गणित त्यांनी गळ्यातला स्वर ओळखायला लावलं. हत्यार म्हणून ते अफाट आहे. पण एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणं हाच ज्या गायकीचा प्राण आहे, तिला हे यंत्र पायऱ्या पाडून देतं. घसरगुंडीचा जिना होतो.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो पहिल्यांदा कळला तेव्हा मी थक्क झालो. सिंथला गंधार वाजवूच द्यायचा नाही. त्याने फक्त षड्ज आणि पंचम धरायचे. हे दोन स्वर यंत्रात आणि गळ्यात जवळपास जुळतात, फरक दोन सेंटचा. मधली सगळी जागा गायिकेची, गंधार कुठे ठेवायचा ते तिने ठरवावं. म्हणजे पुन्हा तंबोराच. एकतारी आणि तुणतुणं शेकडो वर्षं हेच करत आली आहेत: खाली आस धरायची आणि गळ्याच्या वाटेत यायचं नाही. चांगल्या लोक-इलेक्ट्रॉनिक गाण्यातला तो लांब, गंभीर, हळूहळू रंग बदलणारा सिंथचा स्वर ऐकलात, तर तो कोणाचं काम करतोय ते ओळखू येईल.

हे सगळं झालं कंठ आणि यंत्र यांच्याबद्दल. आता त्या कंठाच्या मालकिणीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते.

1970 मध्ये संगीत-अभ्यासक ह्यूगो झेम्प यांनी सॉलोमन बेटांवर अफुनाक्वा नावाच्या बाईचं एक अंगाईगीत ध्वनिमुद्रित केलं. आईवडिलांना पारख्या झालेल्या लहानग्याला उद्देशून ते आहे. 1992 मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने तो आवाज घेऊन त्याखाली सिंथ आणि ठेका दिला. गाणं जगभर वाजलं, जाहिरातींत गेलं. झेम्प यांनी नंतर या वापराबद्दल जाहीर नाराजी लिहून मांडली. ऐकणाऱ्या लाखो लोकांना अफुनाक्वाचं नाव माहीत नव्हतं. तिची ओळख इतकी पुसली गेली, की नॉर्वेचे नामांकित सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी पुढे तीच चाल घेतली तेव्हा ती मध्य आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांची म्हणून नोंदवली गेली. पॅसिफिक महासागरातल्या बाईची अंगाई दुसऱ्याच खंडातल्या लोकांच्या नावावर. तैवानमधल्या आमिस जमातीच्या दिफांग आणि इगाय या वृद्ध दांपत्याचा आवाज एनिग्मा या प्रकल्पाच्या जगप्रसिद्ध गाण्यात असाच वापरला गेला. ते न्यायालयात गेले आणि 1999 मध्ये तडजोड झाली.

‘पारंपरिक गाण्याला मालक नसतो’ हे वाक्य अशा वेळी नेहमी पुढे केलं जातं. गाण्याला कवी नसेल, पण त्या ध्वनिमुद्रणात गाणारा माणूस असतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा वेगळा हक्क स्पष्टपणे मांडला आणि आज त्याची मुदत 50 वर्षांची आहे. गाणं कोणाचंही असो, तुमच्या गळ्यातून आलेलं ध्वनिमुद्रण दुसऱ्याने वापरायचं तर तुम्हाला विचारायला हवं. घरी आलेल्या फोनवाल्या पोरांसमोर गाणाऱ्या कित्येक आज्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

गो-आच्या बाबतीत हा प्रश्न मुळातच निघत नाही, कारण गाणारी बाई बँडची सदस्य आहे. फोटोत ती आहे, मानधनात ती आहे, गाण्याची चाल आणि वेग ठरवताना ती खोलीत आहे. एखादा आवाज कुठल्या तरी संग्रहातून उचलून आणणं आणि हे करणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते कानालाही कळतं. उचलून आणलेला आवाज प्रत्येक फेऱ्यात अगदी तोच असतो, चार सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा. बँडमधली बाई तीच ओळ चौथ्यांदा म्हणताना चिडलेली असते, दमलेली असते, खुशीत आलेली असते. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप-समूहाने 2019 मध्ये आरे जंगल आणि वारल्यांवर गाणं केलं, तेव्हा आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः त्यात गायले, नावानिशी. तो रस्ता मला सरळ वाटतो.

दिदेन्चुकचं पुढे काय झालं तेही सांगतो. गो-आमध्ये असतानाच तो कालुश ऑर्केस्ट्रा या दुसऱ्या बँडमध्येही वाजवू लागला. तिथे रॅप आणि कार्पेथियन डोंगरातल्या बासऱ्या एकत्र येतात. 2022 मध्ये, देशावर आक्रमण झाल्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी, याच बँडने तुरिनमध्ये युरोव्हिजन जिंकलं, 631 गुणांनी.

आपल्याकडे असं काही करू पाहणाऱ्यांसाठी सामान आधीच जमा आहे. गी पॉइतवॅ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘परी’ या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बायांच्या नावागावासकट ऐकायला मिळतात. काही ध्वनिमुद्रणांत गळ्याखाली जात्याची घरघर ऐकू येते. दाणे पडले की ती जड होते, मुठीतले संपत आले की हलकी, आणि ओवी तिच्या अंगाने चालते. आस आहे, ठेका आहे, सगळं आधीच आहे. कोणी पोरगा किंवा पोरगी लॅपटॉप घेऊन यावर काम करायला बसली, तर आधी त्या बाईचा किंवा तिच्या घरच्यांचा पत्ता शोधून जाऊन विचारावं. होकार मिळाल्यावर संगणकात वेगाचा आकडा टाकण्याआधी जात्याचा एक फेरा किती सेकंदांचा आहे ते मोजावं, मग पुढचा मोजावा. ते दोन आकडे सारखे येणार नाहीत. चौकट आखायची ती तिथून.